अंड्यात आकार, तेलात रंग: नागपूरच्या हवेत थरांचं चित्र

तैलरंगाच्या ट्यूब उघडून थेट कॅनव्हासला भिडायची सवय असलेल्यांना ही पद्धत आधी संथ वाटते. एका थराने एकच काम करायचं, हा तिचा नियम. वस्तूचा घाट, उजेड आणि सावली अंड्याच्या टेंपेरात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगात, बांधून घ्यायची. ते नीट वाळलं की वरून तैलरंगाचे पातळ, पारदर्शक थर देऊन रंग चढवायचा. आकार आणि रंग यांच्याशी एकाच वेळी झुंजावं लागत नाही, हा पहिला फायदा. दुसरा डोळ्यांना दिसतो: उजेड रंगाच्या थरांतून आत शिरतो, तळाच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो, आणि चित्र आतून उजळल्यासारखं दिसतं. एकाच जाड थरात कितीही महागाचा रंग थापला तरी ती झाक येत नाही.

या कृती पुस्तकांत आणि व्हिडिओंत भरपूर सापडतात, पण बहुतेक युरोपातल्या हवेसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, जुलैत भिंतींना ओल धरते, आणि उन्हाळाभर खोलीत कूलर घरघरत असतो. अंडं, सरस आणि जवसाचं तेल, तिघंही हवेला हळवे. म्हणून नागपुरात हे काम करायचं तर आधी कॅलेंडर बघायचं, ब्रश नंतर.

माझा सल्ला असा: दसरा झाला की फळी तयार करायला घ्या. टेंपेराचं काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करा. तैलरंगाचे थर डिसेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळा चित्राला वाळायला सोडून द्या. पावसाळ्यात नवीन काही सुरू करू नका. वार्निश पुढच्या हिवाळ्यात. एका चित्राला वर्ष लागतं असं ऐकून दचकू नका. हात लागतो तो थोडेच दिवस, बाकी सगळं वाळण्याचं. चार फळ्या एकदम तयार केल्या की एक वाळते तेव्हा दुसरी हातात असते.

एक जुना गैरसमज

टेंपेरावर तैलरंग चढवणं हे पंधराव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार यान व्हान आइक याचं गुपित होतं, असं अजूनही सांगितलं जातं. ही समजूत पसरली ती मुख्यतः माक्स डोर्नर या जर्मन चित्रकारामुळे. १९२१ साली त्याने चित्रसामग्रीवर जे लिहिलं त्यात अंड्याच्या पायसातलं (अंडं, तेल आणि पाणी हलवून केलेल्या दुधाळ मिश्रणातलं) पांढरं आणि रेझिन-तेलाचे थर आलटून पालटून द्यायची रीत मांडली होती. पुढे व्हिएन्नाचा चित्रकार एर्न्स्ट फुक्स याने ती उचलली आणि शिष्यांना शिकवली. दरम्यान प्रयोगशाळांनी जुन्या चित्रांचे कण तपासले, तेव्हा व्हान आइकच्या रंगात प्रामुख्याने सुकणारं तेलच निघालं. त्यामुळे डोर्नरची रीत ऐतिहासिक म्हणून विकत घेऊ नका. मात्र पंधराव्या शतकात इटलीत टेंपेराकडून तेलाकडे जाताना दोन्ही माध्यमं एकाच चित्रात आल्याची उदाहरणं खरी आहेत. अंड्याखाली तेल की तेलाखाली अंडं, हे मात्र मनाला येईल तसं ठरवता येत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

आपल्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर अजिंठा आहेच. तिथली चित्रं ओल्या चुन्यावरची खरी फ्रेस्को नाहीत. वाळलेल्या गिलाव्यावर चिकट बंधकात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरी माती आणि बाहेरून आलेला लाजवर्द हा निळा दगड, एवढ्यावर ते सगळं उभं आहे. तेव्हा रंगद्रव्यांची यादी लांबवू नका.

फळी

टेंपेरा वाळल्यावर कडक होतो, वाकत नाही. त्यामुळे ताणलेला कॅनव्हास इथे बाद. कडक फळीच लागते, आणि नागपुरात फळी म्हणजे लकडगंज. तिथे जाऊन १२ × १६ इंचाचा छोटा तुकडा मागितला की दुकानदार हमखास विचारतो, "काय भाऊ, देवघर बनवाचं हाय का?" हो म्हणा आणि १२ मिलीमीटरचं साधं एमडीएफ कापून घ्या. प्रीलॅम नको, त्याच्या गुळगुळीत पापुद्र्यावर काहीच धरत नाही. सागाचा मोह आवरा. विदर्भाचा साग फर्निचरला उत्तम, पण त्याच्या अंगातलं तेल सरसाला नीट चिकटू देत नाही. प्लायच घ्यायचा असेल तर त्यावर धुऊन मऊ झालेलं मांजरपाट सरसाने चिकटवून घ्या, नाहीतर वरच्या लाकडाच्या रेषांवरून पुढे तडे जातात.

फळीच्या कडा आधी घासा, कोपरे किंचित गोल करा. धारदार कोपऱ्यावर अस्तर टिकत नाही, पहिल्या धक्क्याला टवका उडतो.

सरस आणि खडूचं अस्तर

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. दुकानात डब्यात मिळणारा अॅक्रिलिक जेसो, म्हणजे कॅनव्हासला लावायचं तयार पांढरं अस्तर, या कामाला चालत नाही. तो प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. टेंपेराला शोषणारा पृष्ठभाग लागतो, अंड्यातलं पाणी लगेच आत ओढून घेणारा. फेव्हिकॉलमध्ये खडू कालवण्याचा शॉर्टकटही त्याच कारणाने टाळा.

परंपरेने सशाच्या कातडीचा सरस वापरतात. तो मागवता आला तर एक लिटर पाण्याला साधारण ७० ग्रॅम घ्या. नाही मिळाला तर बेकरीच्या सामानात मिळणारं बिनचवीचं, बिनरंगाचं जिलेटिन घ्या, लिटरला ६० ग्रॅमच्या आसपास. सुतारकामाचा काळपट सरस फार तीव्र असतो आणि अस्तराला पिवळा करतो. एका लहान फळीला अर्धा लिटर पुष्कळ झालं.

सरस थंड पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी पातेल्यात पाणी गरम करून त्यात सरसाचं भांडं ठेवा आणि विरघळवा. उकळी येऊ द्यायची नाही. हाताला चटका बसेल इतपत गरम पुरे. उकळलेल्या सरसाची पकड जाते. ताकद तपासायला थोडा सरस वाटीत घेऊन फ्रिजमध्ये ठेवा. थिजलेला सरस दोन बोटांनी फाडला की कडा खडबडीत निघाल्या पाहिजेत. कडा गुळगुळीत आणि थिजलेला तुकडा रबरासारखा उसळत असेल तर पाणी वाढवा. ही परीक्षा बाहेरच्या तापमानाला करू नका; नागपूरच्या उन्हाळ्यात चांगला सरससुद्धा थिजत नाही आणि तुम्ही उगाच त्यात भर घालत बसाल.

पहिला हात नुसत्या सरसाचा, फळीच्या पुढून, मागून आणि कडांना. मागची बाजू सोडली तर पहिल्याच पावसाळ्यात फळी वाकते. हा थर वाळला की अस्तर करायचं. गरम सरसात व्हायटिंग पावडर, म्हणजे खडूची बारीक पूड, चाळणीतून हळूहळू सोडत जा. ढवळू नका. पूड बुडत जाते. वर लहानशी टेकडी दिसायला लागली की थांबा. वीस मिनिटं तसंच राहू द्या, मग अलगद हलवून पातळ कपड्यातून गाळा. जोरात घुसळलं की हवेचे बुडबुडे धरतात आणि वाळल्यावर अस्तरभर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. पांढरेपणा वाढवायला टायटॅनियमची पूड दहावा हिस्सा घालता येते. फळ्याचे खडू ठेचून घेऊ नका, ते बऱ्याचदा प्लास्टरचे असतात. रांगोळी तर अजिबात नको; ती दगडाची भरड आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस तसंच ओतलं तर भांड्यातच दगड होतो. इटालियन लोक ते वापरत, पण आधी महिनाभर भरपूर पाण्यात रोज ढवळून त्याची आवळण्याची ताकद मारून मग.

पहिला थर बोटांनी चोळून भरा. पुढचे रुंद मऊ ब्रशने, एक आडवा, एक उभा. आधीच्या थराची ओली चमक गेली की लगेच पुढचा. आठ थर एकाच दिवसात संपवा, म्हणजे सगळे एकमेकांत मुरून एकजीव होतात. पंखा बंद ठेवा, कूलर तर नकोच, आणि लवकर वाळावं म्हणून गच्चीवर उन्हात नेऊ नका. वरचा पापुद्रा आधी सुकून आवळला जातो आणि खालचा ओला थर त्याला धरून ठेवू शकत नाही. भेगा इथूनच सुरू होतात. तीन-चार दिवसांनी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि शेवटी ४०० ने घासा. घासताना मास्क लावा. बोट ओलं करून टेकवलं की ओल क्षणात आत गेली पाहिजे.

काय काढायचं

पहिल्या चित्रासाठी पितळी तांब्या आणि शेजारी संत्री ठेवा. नागपूरकराने संत्रीच काढावी यात कल्पकता काही नाही, हे मान्य. पण या पद्धतीला ती फार सोयीची आहे. सालीवरचे बारीक खळगे रेघांच्या कामाला योग्य, केशरी रंग पारदर्शक थरांतून सुरेख येतो, आणि आंबिया बहराची संत्री नेमकी आपल्या कामाच्या दिवसांत बाजारात असते. देठाकडे किंचित हिरवट, सैल सालीची निवडा. फळ काही दिवसांतच सुकायला लागेल, म्हणून आधी कागदावर जलरंगात त्याचा रंग नोंदवून ठेवा. आकार एकदा टेंपेरात बांधला की पुढचं काम त्या नोंदीवरून होतं.

रेखाटन वेगळ्या कागदावर पूर्ण करा. ट्रेसिंगच्या मागे गेरू चोळून ते फळीवर उतरवा आणि पाणी घातलेल्या काळ्या शाईने बारीक ब्रशने पक्कं करा. गडद सावल्या याच शाईने हलक्या भरून ठेवता येतात. शाई वाळली की पिवळ्या मातीचा अगदी पातळ थर संपूर्ण फळीवर फिरवा, थोड्या अंड्यात आणि भरपूर पाण्यात. याला इंप्रिमातुरा म्हणतात. कोऱ्या पांढऱ्याऐवजी मधला टोन मिळाला की उजेड चढवणं आणि सावली राखणं दोन्ही सोपं होतं.

रंगाची माती

गेरू, पिवळी माती, काजळी आणि टायटॅनियम पांढरा, टेंपेरासाठी इतकंच पुरतं. गेरू इतवारीच्या किराणा ओळीत सहज मिळतो, पण त्यात रेती असते. मोठ्या भांड्यात पाण्यात घोळवा, दहा-पंधरा सेकंद थांबा, रेती तळाला बसते. वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. हेच दोनदा-तीनदा करा. रात्रभर ठेवल्यावर वर नितळ पाणी येतं, ते अलगद काढून टाका आणि तळाचा गाळ वाळवा. सगळी माती बसूनही वरचं पाणी रंगीतच राहिलं तर त्यात कृत्रिम रंग मिसळलेला आहे. तो गेरू कुंड्यांना लावा. कपड्यांची नीळही चित्रात वापरू नका, त्यात काय काय भरलेलं असतं ते सांगता येत नाही.

मातीत पाणी घालून काचेच्या तुकड्यावर घोटा आणि झाकणाच्या छोट्या बाटल्यांत तो लगदा ठेवा. स्वयंपाकघरातला खल या कामाला घेऊ नका, विशेषतः कॅडमियम किंवा हिंगुळासारखं विषारी रंगद्रव्य असेल तेव्हा. कोरडी पूड हाताळताना मास्क हवाच.

अंडं

फार्मचं की गावरान, याने फरक पडत नाही. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनीने १४०० च्या आसपास लिहून ठेवलंय की शहरातल्या कोंबडीचं फिकं बलक तरुण चेहऱ्यांना वापरावं आणि खेड्यातल्या कोंबडीचं लालसर बलक म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्यांना. वाचायला मजेशीर आहे, पण बलकाचा पिवळेपणा काही आठवड्यांत उडून जातो. अंडं ताजं असणं महत्त्वाचं, कारण शिळ्या अंड्याचं बलक हातातच फुटतं.

अंडं फोडून पांढरा बलक गाळून टाका. पिवळा गोळा टिश्यूवर ठेवून हलकेच गडगडवा, मग एका तळव्यातून दुसऱ्या तळव्यात घेत रहा. दर वेळी रिकामा हात पुसून घ्या. पांढऱ्याचा चिकटपणा गेला की गोळा कोरडा लागतो. आता तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वर धरा, खाली वाटी ठेवा आणि पिनने खालून टोचा. बलक धारेने खाली उतरतं आणि रिकामी, सुरकुतलेली पिशवी चिमटीत उरते. ती पिशवी रंगात गेली तर ब्रशला तंतू लागत राहतात. बलकात चमचाभर पाणी घालून हलवा, झालं. घरी अंडं चालत नसेल तर एक वाटी, एक चमचा आणि ब्रश धुण्याचं भांडं वेगळं करून बाल्कनीत काम करा; घरातल्या मोठ्यांचा विरोध निम्मा तिथेच मावळतो.

टिकण्यासाठी काही जण व्हिनेगरचे थेंब टाकतात. मातीच्या रंगांना चालतं, पण अल्ट्रामरीन निळा आम्लाने मरतो, म्हणून त्यासोबत नको. हिवाळ्यात बलक फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतं. वास आला की फेका. मार्चनंतर रोज नवीन अंडं.

रंगाचा लगदा आणि बलक साधारण सारख्या मापाने घ्या, मग गरजेपुरतं पाणी. प्रमाण जमलं का हे काचेवर कळतं. एक फटकारा मारा, पूर्ण वाळू द्या आणि ब्लेडने खरवडा. रंग पट्टीसारखा सोलून निघाला तर बरोबर. पूड होऊन उडाला तर बलक कमी. वाळूनही तेलकट चमकत आणि चिकटत असेल तर बलक जास्त. दर रंगाची भूक वेगळी असते, काजळीची तर फारच, त्यामुळे ही चाचणी प्रत्येक रंगाला वेगळी करा.

रेघांनी घडवणं

टेंपेरा काही सेकंदांत वाळतो. ओल्यात ओलं मिसळून टोन वितळवायचा प्रयत्न केला की खालचा थर उखडून गोळे होतात. इथे टोन रेघांनी बनतो. एक किंवा दोन नंबरचा टोकदार गोल ब्रश घ्या, रंगात बुडवा आणि टिश्यूवर जवळजवळ कोरडा होईपर्यंत दाबा. मग सेंटिमीटरभर लांबीच्या हलक्या रेघा, एकमेकींना न चिकटता, शेजारी शेजारी. संत्रीवर रेघ गोलाईने वळवा. एक भाग भरून झाला की दुसऱ्या भागाकडे जा. परत याल तेव्हा पहिला वाळलेला असेल, मग त्यावर किंचित तिरप्या रेघा. ब्रशमधून थेंब सुटला तर काम थांबवून तो टिपा, नाहीतर त्याची कडा कायमची दिसते.

पांढरा आणि चिमूटभर पिवळी माती, एवढ्याच मिश्रणाने उजेड चढवा. सावलीला हात कमी लावा; तिथे शाई आणि इंप्रिमातुराच पुरे. सालीचे खळगे सगळीकडे काढू नका. ते नीट दिसतात फक्त जिथे उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात: प्रत्येक खळग्याला उजेडाकडच्या काठावर बारीकशी सावली आणि पलीकडच्या काठावर कणभर पांढरं. बाकी ठिकाणी नुसत्या रेघा ठेवा, डोळा उरलेलं भरून घेतो. तांब्याच्या पोटावर संत्रीचा उजेड पडतो, तोही आत्ताच पांढऱ्याने नोंदवा.

आणि हे लक्षात ठेवा: टेंपेराचं चित्र अंतिम चित्रापेक्षा बरंच उजळ असायला हवं. वरचा प्रत्येक पारदर्शक थर थोडा उजेड खातो. या टप्प्यावर चित्र बर्फात पडल्यासारखं पांढुरकं दिसत असेल तर बरोबर चाललंय. इथे घाबरून टोन गडद केला की शेवटी चित्र मळकं होतं आणि दुरुस्त करता येत नाही.

ब्रश लगेच धुवा. वाळलेलं अंडं पाण्याने निघत नाही. किमान दोन आठवडे फळी उभी, हवेशीर, धुळीपासून दूर ठेवा.

तेलाकडे

आता त्या आधीच्या प्रश्नाकडे: तेलाखाली अंडंच का. अंड्याचा थर कोरडा, शोषणारा आणि लवचीकपणात कमी. त्यावर तेल बसतं. वाळलेल्या तेलावर मात्र पाण्यात कालवलेला टेंपेरा थेंब थेंब होऊन आक्रसतो आणि पुढे सोलून निघतो. शिवाय तेल उडून वाळत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि हे महिनोन्महिने चालतं. जास्त तेलाचा थर खाली आणि कमी तेलाचा वर असला तर वरचा आधी कडक होतो आणि तडकतो. म्हणून खालून वर जाताना दर थराला तेल किंचित वाढलं पाहिजे, कमी कधीच नाही.

जवस विदर्भाचंच पीक, चटणी प्रत्येक घरात, त्यामुळे घाण्याचं तेल आणून वापरायचा मोह होतो. ते अशुद्ध असतं, त्यातला चिकट गाळ रंगाला चिकटा ठेवतो आणि पिवळा करतो. हार्डवेअरच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, तेही नको. त्यात लवकर वाळण्यासाठी ड्रायर घातलेले असतात. कलासामग्रीच्या दुकानातलं शुद्ध केलेलं जवसाचं तेल आणि एक छोटी बाटली स्टँड ऑइल, म्हणजे तापवून दाट केलेलं जवसाचं तेल, घ्या. डामर वार्निशही (डामर म्हणजे झाडाची एक राळ, डांबर नव्हे) तयारच घ्या. पूजेच्या सामानातली राळ विरघळवून ते बनत नाही. टर्पेंटाइन घेताना झाडाच्या डिंकापासूनचं, कलाकारांसाठीचं घ्या; रंगाऱ्यांच्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये डामर पुरता विरघळत नाही आणि मिश्रण गढुळतं.

ग्लेझचं, म्हणजे रंगाच्या पातळ पारदर्शक थराचं, माध्यम: एक भाग स्टँड ऑइल, एक भाग डामर, पाच भाग टर्पेंटाइन. पुढच्या थरांना टर्पेंटाइन एकेक भागाने कमी करा. पहिल्या ग्लेझआधी टेंपेरावर याच माध्यमाचा अगदी पातळ हात देऊन मऊ कपड्याने पुसून घ्या आणि आठवडाभर वाळू द्या. तसं केलं नाही तर अंडं ग्लेझला डागाडागांनी पितं. काही जण इथे स्पिरिटमध्ये पातळ केलेली लाख लावतात. मला ती आवडत नाही. जुनी झाली की ठिसूळ होते.

रंग पारदर्शकच हवेत. इंडियन यलो (आजच्या ट्यूबमध्ये या नावाखाली कृत्रिम रंगद्रव्य असतं), क्विनाक्रिडोन लाल, बर्न्ट सिएना, व्हिरिडियन, अल्ट्रामरीन. कॅडमियम झाकतं, ते ठेवून द्या.

संत्रीवर आधी फक्त इंडियन यलो. ट्यूबमधून वाटाण्याएवढा रंग, माध्यमात पातळ, ताठ ब्रशने पसरवा आणि मग मऊ कोरड्या ब्रशने हलकेच टिपत एकसारखा करा. तळव्याच्या उंचवट्यानेही छान होतं, फक्त रंग विषारी नाही ना ते ट्यूबवर बघून. जिथे सगळ्यात तेज उजेड आहे तिथला रंग कपड्याने पुसून घ्या. फळ या टप्प्यावर लिंबू दिसेल. चार-सहा दिवसांनी, थर बोटाला कोरडा लागला की दुसरा थर: क्विनाक्रिडोनमध्ये किंचित बर्न्ट सिएना, सावलीकडे दाट, उजेडाकडे जवळजवळ काहीच नाही. पिवळ्यातून लाल जाताच केशरी उमटतो, आणि तो पॅलेटवर मिसळलेल्या केशरीपेक्षा वेगळाच असतो. देठाशी व्हिरिडियनचा नखाएवढा स्पर्श. तांब्याला इंडियन यलो आणि रॉ अंबर. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो थर इतरांपेक्षा लवकर वाळतो.

इथे थांबलात तरी चित्र पूर्ण आहे. पहिल्यांदा करणाऱ्यांनी इथेच थांबावं.

पुढे जायचंच असेल तर तीच डोर्नरची रीत. बाटलीत एक भाग आख्खं अंडं घालून हलवा, मग अर्धा भाग स्टँड ऑइल आणि अर्धा डामर घालून जोरात हलवा, शेवटी एक-दोन भाग पाणी. दुधाळ पायस तयार होतो. त्यात पांढऱ्याचा लगदा कालवा. ताजी, अजून चिकट ग्लेझ असताना या पांढऱ्याने काढलेली रेघ फुटत नाही, पसरत नाही, केसासारखी बारीक राहते, कारण पायसातलं तेल तिला खालच्या ग्लेझशी जोडून घेतं. तांब्याच्या काठावरची चमक अशी एका रेघेत बसते. पण वाळलेल्या ग्लेझवर हे करू नका, आणि मोठ्या भागावर तर नाहीच.

तेलाची फडकी

जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाने भिजलेल्या कपड्यांचा बोळा टोपलीत पडला तर ती उष्णता आत कोंडते आणि तो आपोआप पेटू शकतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तर धोका आणखी वाढतो. प्रत्येक फडकं काम संपताच पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका, किंवा बाहेर तारेवर एकेक पसरून कडक होऊ द्या. सरस गरम करायची शेगडी आणि टर्पेंटाइनची बाटली एका खोलीत ठेवू नका.

उन्हाळा आणि पावसाळा

तयार चित्र माळ्यावर किंवा भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. खिडकीच्या उजेडात, थेट ऊन न लागता, ते स्वच्छ राहतं. कूलरच्या झोतासमोरही नको. दिवसभर दमट हवा आणि रात्री कोरडी, या ताणाताणीत फळी वाकते आणि अस्तर तडकतं. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, सरसाच्या अस्तराला बुरशी लागायला ओल पुरते. मागच्या बाजूवर पांढरट ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशने झटका आणि हवेशीर जागी हलवा. ओल्या कपड्याने पुसू नका.

वार्निश ग्लेझ संपल्यावर किमान सहा महिन्यांनी, शक्यतो पुढच्या हिवाळ्यात, कोरड्या सकाळी द्या. दोन पातळ हात, एका दिवसाच्या अंतराने. देण्यापूर्वी टर्पेंटाइनमध्ये किंचित बुडवलेला कापसाचा बोळा कोपऱ्यातल्या गडद भागावर हलकेच फिरवून बघा. कापूस स्वच्छ राहिला तर वार्निश द्या. त्यावर रंग आला तर तेल आत अजून ओलं आहे; झाकण्याऐवजी चित्र परत खिडकीपाशी उभं करा आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तपासा.